निळा म्हणजे रात्र

उजेडाबद्दल आपल्याला काही शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं लाइटमास्तरांचं स्वतःविषयी प्रामाणिक मत होतं. ते मत दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवण्याइतका प्रामाणिकपणाही त्यांच्यापाशी होता. अठ्ठावीस वर्षं ते नाट्यगृहाच्या मागच्या केबिनमध्ये बसून रंगमंचावर सूर्य उगवत आणि मावळवत आले होते. ज्याला घरी कोणी पाणी विचारत नाही अशा नटाला त्यांनी नुसत्या दिव्यांच्या जोरावर राजा करून दाखवलं होतं. साठीच्या नायिकेला पंचविशीत नेऊन सुखरूप परत आणलं होतं. त्यांचं खरं नाव नाट्यगृहात कोणाला आठवत नसे. बायकोला आठवत असे, पण तीही फक्त रागावल्यावर वापरी.

ह्या सगळ्या कर्तृत्वाला जगात एकच माणूस बधला नव्हता. तो म्हणजे त्यांचे सासरे, अण्णा. अण्णांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून तिळाएवढी चाकं जागेवर बसवणारा माणूस, त्याला बटणं सरकवणं हा धंदा कसा वाटणार? लग्न ठरताना त्यांनी विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही नेमकं करता काय?" मास्तरांनी चांगली पंधरा मिनिटं घेऊन सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलीकडे वळून म्हणाले, "अंधार करतात." ह्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. मास्तरांना ते वाक्य अजून अधूनमधून जेवताना आठवतं.

सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि अण्णा लेकीकडे राहायला आले. येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या. एक हत्यारांची पेटी आणि दुसरा खाऱ्या पाण्याचा फिशटँक. टँकमध्ये दगड होते, दोन नारंगी मासे होते आणि मधोमध एक तपकिरी कोरल होतं. कोरल म्हणजे दिसायला झाड, बसायला दगड आणि जातीनं प्राणी, असं अण्णा आल्यागेल्याला समजावून सांगत. ह्या कोरलला घरात सगळे 'कोबी' म्हणत, कारण ते अर्ध्या कापलेल्या कोबीसारखंच दिसे. फक्त त्याच्या अंगभर बारीक बारीक बोटं होती आणि ती पाण्याबरोबर हलत असत. कोबी सासूबाईंनी निवडलेली. दुकानात सगळी गिऱ्हाइकं भडक रंगांच्या मागे लागलेली असताना त्या म्हणाल्या होत्या, "ह्या बिचारीला कोण नेणार? आपण नेऊ." अण्णा रोज संध्याकाळी टँकसमोर खुर्ची टाकून तासभर बसत. बोलत काही नसत. त्या तासात घरात कोणी टीव्ही लावत नसे.

तर यंदा अण्णांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचं ठरलं. डोळ्यांचा दवाखाना धाकट्या मुलीच्या घराजवळ होता, तेव्हा अण्णांनी दोन आठवडे तिच्याकडे राहून दोन्ही डोळे उरकूनच परत यावं, असा बेत झाला. निघायच्या दिवशी ते टँकच्या काचेला नाक लावून उभे राहिले.

"दोन वर्षं झाली, हिची बोटं दिसत नाहीत मला," ते म्हणाले. "नुसता ढग दिसतो. आता आल्यावर पहिल्यांदा हिलाच बघणार. एकेक बोट मोजणार."

मग ते जावयाकडे वळले. "जावईबापू, दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. माशांना सकाळी चिमूटभर खाणं टाका. बाकी काहीच केलं नाहीत तर फार उपकार होतील."

माणसाचे कान मोठे गमतीचे असतात. एवढ्या बोलण्यातलं मास्तरांना फक्त 'आल्यावर पहिल्यांदा हिलाच बघणार' एवढंच ऐकू आलं. म्हणजे पडदा उघडणार! प्रेक्षक एकच, पण तो पंचवीस वर्षं न हललेला. आणि प्रयोगाला दोन आठवडे हातात. मास्तरांच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीवर चढून टँकवरचं झाकण उचललं आणि कपाळाला हात लावला. आत तीन ट्यूब होत्या. एक पांढरी आणि दोन चक्क निळ्या! आता नाटकाच्या धंद्यात काही गोष्टी आईच्या दुधासारख्या असतात. मास्तरांच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला धडा असा होता: निळा म्हणजे रात्र, अंबर म्हणजे सकाळ. निळा दिवा लावला की प्रेक्षकांतली म्हातारी माणसं घड्याळ बघतात, इतकी ती पक्की रात्र.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी बायकोला हाक मारली. "ही बिचारी कोबी इतकी वर्षं रात्रीच्या सीनमध्ये उभी आहे. उगाच नाही तपकिरी पडली!"

बायको शाळेत गणित शिकवते. ती उत्तरपत्रिकांतून मान वर न करता म्हणाली, "बाबांनी काही करू नका म्हटलंय."

"मी काही करतच नाहीये. नुसती सकाळ करतोय."

संध्याकाळपर्यंत नाट्यगृहाच्या गोदामातले तीन छोटे स्पॉट घरी आले. मधे वरून एक हार्ड, म्हणजे कडक कडेचा, थेट पडणारा. दोन्ही बाजूंनी दोन सॉफ्ट, तोंडाला बटरपेपर लावून मऊ केलेले. तिन्हींवर अंबर जिलेटिन, म्हणजे नाटकवाले दिव्यापुढे लावतात तो पिवळानारंगी रंगीत कागद. अण्णांच्या ट्यूबा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेल्या. मास्तरांनी बटण दाबलं आणि टँकमध्ये अशी काही सोनेरी सकाळ उगवली की त्यांचे स्वतःचेच डोळे पाणावले. एकच अडचण झाली. नारंगी मासे नारंगी उजेडात दिसेनासे झाले. बायकोनं दोनदा विचारलं, मासे मेले का म्हणून.

तिसऱ्या दिवशी कोबीची बोटं आत गेली.

"लाजली," मास्तर म्हणाले. "पहिल्यांदा लाइटमध्ये आलं की सगळेच लाजतात. मोठमोठे नट घामाघूम होतात, ही तर कोबी."

चौथ्या दिवशीही ती लाजलेलीच होती. बायको एकदा कोबीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघून शाळेत गेली. मास्तरांनी मनाशी निदान केलं की ही एकटी पडली आहे. एवढा सूर्योदय आणि रंगमंचावर एकच पात्र, तेही तपकिरी! कंपनी हवी. शनिवारी ते नवीन कोरल निवडायला बाहेर पडले.

दुकान अरुंद होतं, दोन्ही बाजूंना टँक आणि सगळीकडे पाण्याची बुडबुड. मागची खोली तर निळ्या उजेडात बुडालेली होती. मास्तर मनात म्हणाले, इथेही रात्रच! पण काय सांगावं त्या रात्रीत कोरल कशी पेटली होती! एक फांद्याफांद्यांचं, पोपटी विस्तवासारखं. एक नारंगी किनारीचं, बशीएवढं. एक जांभळं. मास्तर नाटकाची पात्रं निवडायला बसल्यासारखे कमरेवर हात देऊन उभे राहिले.

दुकान चालवणाऱ्या बाई हात पुसत आल्या. बोलायला शांत, नजर बारीक. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काय आहे सध्या? सॉफ्ट की हार्ड?"

मास्तर खूश झाले. धंद्यातला प्रश्न विचारणारं माणूस फार दिवसांनी भेटलं होतं. "मधे हार्ड," ते म्हणाले, "आणि दोन्ही बाजूंना सॉफ्ट."

"वा! म्हणजे टँक चांगला मुरलेला दिसतो. मधलं हार्ड किती दिवसांचं आहे?"

"चार दिवस झाले."

"आणि ठीक आहे?"

"एकदम कडक!"

बाईंनी मान डोलावली. पुढे त्यांनी दिवे कोणते, किती उंचीवर, निळा किती, असं बरंच विचारायचा प्रयत्न केला. पण मास्तर हसले आणि म्हणाले, "बाई, लाइटचं तेवढं माझ्यावर सोडा." वर त्यांना, माणसाच्या नाकाची सावली ओठावर पडू नये म्हणून काय करावं लागतं ह्यावर दहा मिनिटं माहिती दिली. कोरलला नाक नसतं हे बाई सभ्यपणे बोलल्या नाहीत. ह्या माणसाकडे हार्ड कोरल चांगलं जगतंय आणि दिव्यांचं ह्याला कळतं, एवढी समजूत करून घेऊन त्यांनी मागितलं ते दिलं. पोपटी फांद्यांचं नायक म्हणून. नारंगी किनारीचं नायिका. आणि जांभळं, कारण खलनायकाशिवाय नाटक उभं राहत नाही.

निघता निघता मास्तरांचं लक्ष कोपऱ्यातल्या छोट्या टँककडे गेलं. त्यात अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा एकटाच बसला होता.

"हा कोण?" त्यांनी विचारलं. "गर्दीच्या सीनमधला?"

"तो विकायचा नाही," बाई म्हणाल्या. "एका गिऱ्हाइकांनी सांभाळायला ठेवलाय. परगावी गेलेत."

"ह्याला सांभाळायला?" मास्तरांना हसू आवरेना. "का, घरी कोणी माणूस नाही?"

"आहे म्हणे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

मास्तर अगदी मनापासून हसले. लोकांच्या घरी काय काय नग असतात, हे त्यांनी घरी येऊन बायकोलाही सांगितलं. बायकोला त्याच वेळी जोराचा ठसका लागला.

संध्याकाळी त्यांनी पात्रं रंगमंचावर मांडली, खोलीतले दिवे घालवले आणि सकाळ लावली. पोपटी नायक शेवाळलेल्या काडीसारखा दिसला. नायिकेची किनार धुवून गेल्यासारखी झाली. खलनायक तर मातीचं ढेकूळ. मास्तरांनी स्पॉट वर केला, खाली केला, चष्मा पुसला. रंग आलाच नाही. रविवारभर वाट पाहून सोमवारी सकाळी त्यांची खात्री पटली की ह्या बाईनं कोरल रंगवून विकली आणि रंग पाण्यात उतरला.

"दुकानात कुठल्या उजेडात बघितली होतीत?" बायकोनं विचारलं.

"उजेडाचा काय संबंध?" असं अठ्ठावीस वर्षं लाइट केलेले मास्तर म्हणाले. हे वाक्य आपण खरंच उच्चारलं होतं का, असा त्यांना पुढे बरेच दिवस प्रश्न पडे. बायको म्हणे, उच्चारलं होतं.

नायकाला बादलीत घालून ते दुकानात शिरले तेव्हा आत पाचसहा गिऱ्हाइकं होती. नाट्यगृहात वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, कुठला रंग वापरता? तेलाचा की पाण्याचा?"

सगळ्यांनी माना वळवल्या. बाईंनी आधी बादलीत डोकावून बघितलं, मग मास्तरांकडे. त्यांनी ते कोरल उचललं, मागच्या खोलीत नेलं आणि निळ्या उजेडाच्या टँकमध्ये अलगद ठेवलं. गिऱ्हाइकं मागोमाग गेली. पाण्यात जाताच त्याच्या फांद्या पोपटी चमकायला लागल्या. पहिल्याइतक्या नव्हत्या, थोड्या आजारलेल्या, पण चमकल्या.

साधा चेहरा रंगीत उजेडात राजासारखा दिसतो आणि उजेड काढला की पुन्हा साधा होतो, ही विद्या ज्यानं जन्मभर लोकांवर चालवली, त्याच्यावर ती कोणी न चालवताच चालली होती. मास्तरांचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं, पण फरशी नवी आणि पक्की होती.

एका गिऱ्हाइकानं सहज म्हणून विचारलं, "तुम्ही काय करता?"

"मी..." मास्तर रिकाम्या बादलीकडे बघत म्हणाले, "मी कापडाच्या दुकानात..."

इतक्यात मागून एक ओळखीची कुजबुज आली. "लाइटमास्तर. लाइटमास्तर आहे मी, म्हणा."

मास्तरांनी वळून बघितलं. त्यांच्याच नाट्यगृहातला प्रॉम्प्टर माशांच्या खाण्याचा डबा हातात धरून उभा होता. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. कोणी अडखळलं की त्याच्या तोंडून पुढचं वाक्य बाहेर पडतंच. आज ते जरा स्पष्ट पडलं एवढंच.

गिऱ्हाइकं पांगल्यावर बाईंनी मास्तरांना स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. मग एकेक विचारत गेल्या, आणि मास्तर खाली बघून एकेक सांगत गेले. अंबर जिलेटिन. तीन स्पॉट. माळ्यावरच्या निळ्या ट्यूबा.

"पण तुम्ही तर मधे हार्ड, बाजूला सॉफ्ट म्हणालात!"

"ते लाइट."

"मी कोरलचं विचारत होते," बाई म्हणाल्या. "कोरल दोन जातींची. मऊ अंगाची ती सॉफ्ट, दगडी सांगाड्याची ती हार्ड. तुमच्याकडे हार्ड जगतंय असं समजून मी तुम्हाला सगळ्यात जास्त उजेड खाणारं दिलं."

"खाणारं?"

"अहो, कोरल उजेड बघत नाहीत, खातात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न करतं आणि कोरलला जेवू घालतं. त्याला लागतो मुख्यतः निळा. अंबर तुमच्या-माझ्या डोळ्यांना छान, त्यांच्या ताटात काहीच नाही."

"म्हणजे निळा म्हणजे..."

"भर दुपार," बाई म्हणाल्या. "जेवणाची वेळ. किती दिवस झाले?"

"सहा."

"घरी आणखी काय आहे?"

मास्तरांनी कोबीचं वर्णन केलं. सासऱ्यांची आहे, ते घड्याळजी, डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलेत, आल्यावर पहिल्यांदा तिलाच बघणार आहेत. बाईंनी एकवार कोपऱ्यातल्या छोट्या टँककडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही ते," त्या म्हणाल्या.

"ते कोण?"

"काही नाही. आता मी सांगते तसंच करायचं. ट्यूबा आजच्या आज परत लावा. पण सहा दिवस उपाशी असलेल्याला एकदम पंक्तीला बसवू नका. ट्यूबांखाली पातळ कापडाचे चार पदर धरा. दर दोन दिवसांनी एक काढा. तुमच्या ट्यूबांत सॉफ्ट जातच नीट राहते. हार्डला ह्याच्या तिप्पट उजेड हवा, तेव्हा ती आणखी दोन मला परत आणून द्या. तुम्हाला तिथे शोभेल असं एखादं सॉफ्ट मी देईन."

"मी निवडू?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या.

घरी गेल्यावर मास्तर स्वतः माळ्यावर चढले. उतरताना त्यांच्या हातात ट्यूबा होत्या आणि डोक्यावर कोळ्याचं जाळं. बायकोनं कपाटातली जुनी मलमल काढून दिली आणि चार पदर मोजून घातले. निळ्या उजेडात मासे पुन्हा दिसायला लागले. आणि कोबीही नीट दिसली. ती एका अंगावर कलली होती. तिच्यावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला होता. बोट एकही दिसत नव्हतं.

टँकशेजारी अण्णांची वही दोऱ्यानं बांधलेली असे. आपण तिला 'पंचांग' म्हणून हसत होतो, ते मास्तरांना आठवलं. आज त्यांनी ती उघडली. पाण्याचं तापमान, मिठाचं प्रमाण, सगळं अण्णांच्या मुंगीएवढ्या अक्षरात. पहिल्या पानावर मात्र दुसरं, मोठं, गोल अक्षर होतं. सासूबाईंचं. 'हिला निळा दिवा आवडतो. लावला की फुलते.' बस, एवढंच. हे वाक्य सहा वर्षं हॉलमध्ये लोंबकळत होतं आणि घरात उजेडाचे जाणकार राहत होते. मास्तर वही मिटून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभे राहिले. त्यांना स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. दुकानातली लाज चारचौघांतली होती, ती धुतली जाते. ही आतली होती.

नायिका आणि खलनायक दुसऱ्याच दिवशी दुकानात परत गेले. पुढचे सहा दिवस मास्तर घरी आले की चपला काढायच्या आत टँकपाशी जात. नाट्यगृहात बातमी पोचली होतीच. चांदण्याच्या प्रवेशाला त्यांनी निळा दिवा चढवला की विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजे, "भर दुपार." बुधवारी मलमलीचा एक पदर गेला, शुक्रवारी दुसरा, रविवारी तिसरा. कोबी मात्र ढिम्म हलली नाही.

सोमवारी अण्णा आले.

काळा चष्मा लावून, थोरल्या लेकीचा हात धरून ते हॉलमध्ये आले आणि पाणीही न घेता टँकसमोरच्या खुर्चीत बसले. मास्तर पडद्याजवळ उभे होते. हजार प्रयोग केले, पण पडद्याआड लपावंसं कधी वाटलं नव्हतं. अण्णांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि बघायला लागले.

"हे निळं आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो, बाबा," बायको म्हणाली.

"इतकं निळं?" त्यांनी पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. "मला तर कित्येक वर्षं हे पाणी फिकट चहासारखं दिसायचं." मग ते सावकाश जावयाकडे वळले. "जावईबापू, दिवे बदललेत तुम्ही."

मास्तरांनी पडद्याचं टोक घट्ट धरलं.

"मी तुम्हाला करू नका म्हणालो आणि तुम्ही केलंत. बरं केलंत. पंचवीस वर्षं मी तुम्हाला बटणवाला समजत आलो. चूक झाली माझी."

ह्या एका वाक्यासाठी मास्तरांनी पंचवीस वर्षं काढली होती. ते आलं, आणि आलं तेही चुकीच्या पत्त्यावर. डॉक्टरांनी डोळ्यांतलं पिवळं पडलेलं भिंग काढून टाकलं, म्हणून अण्णांना त्यांचेच जुने दिवे नवे दिसत होते. त्यात मास्तरांचा हात असलाच तर उलट्या बाजूनं होता. पण मोह वाईट.

"काही नाही हो," मास्तर म्हणून गेले. "थोडा हात फिरवला."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. शेजारच्याचं बघून सोडवलेल्या गणिताकडे ती ज्या नजरेनं बघते, त्याच नजरेनं. मग मास्तरांना ते गोल अक्षर आठवलं.

"अण्णा, दिवे तुमचेच आहेत," ते म्हणाले. "मी काढले होते. सहा दिवस."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळचा सीन, नायक, नायिका, बादली, कापडाचं दुकान, प्रॉम्प्टर. काही लपवलं नाही. "कोबी मिटली ती अजून उघडली नाही. तुम्ही तिची बोटं मोजणार होतात. माझ्यामुळे..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही, आणि ह्या वेळी पुढचं वाक्य सांगायला मागे कोणी नव्हतं.

अण्णा उठले. काचेला नाक लावून उभे राहिले. घड्याळाचं झाकण उघडल्यावर बघावं तसं त्यांनी कोबीला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितलं.

"कात टाकतेय," ते म्हणाले. "वर्षातून एकदोनदा टाकतेच. यंदा तुमच्यामुळे जरा लवकर. हा पापुद्रा इथे सुटलाय, बघा. त्याच्याखाली एक, दोन... तीन. तीन बोटं आहेत."

मास्तर धावत गेले. त्यांना काही दिसेना. डोळे भरून आले होते.

"आज तीन," अण्णा म्हणाले. "बाकीची हळूहळू मोजू. घाई नाही." त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. तसा तो त्यांनी आजवर कधी ठेवला नव्हता. "खरं सांगितलंत हे चांगलं केलंत. नाही सांगितलं असतंत तरी कळलंच असतं, पण सांगितलंत."

मास्तरांना वाटलं, झालं, सुटलो. ह्या माणसाच्या मनात आपल्याला अखेर जागा मिळाली. तेवढ्यात अण्णांनी लेकीकडे फोन मागितला. त्यांना ऐकायला जरा कमी येतं, म्हणून ते फोनचा आवाज मोठा करून बोलतात.

"बाई, मी आलो घरी. डोळे उत्तम," अण्णा म्हणाले. "आमच्या कोबीचा कलम म्हणून काढलेला तो तुकडा आहे ना तुमच्याकडे, तो आणखी एखादा महिना तिथेच राहू द्या."

अंगठ्याएवढा. तपकिरी. कोपऱ्यातला. मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती एकाएकी पडद्याची चुणी सारखी करायला लागली. ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी तो तुकडा बरणीतून दुकानात कोणी पोचवला, हे विचारायची गरज उरली नाही.

पलीकडून बाईंचा आवाज हॉलभर ऐकू आला. "ठेवते की. पण आता कशाला? घरी आहे ना माणूस लक्ष द्यायला?"

अण्णांनी आपल्या नव्या, लख्ख डोळ्यांनी जावयाला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"आहे ना," ते म्हणाले. "म्हणूनच."